धाकटीचा वाटा पहिला

आमच्याकडे वाटण्यांची एक जुनी रीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं पहिला उचलायचा. शेवटी उरेल तेच आपल्याला मिळणार, हे माहीत असल्यावर कोण कशाला हातचं राखून वाटे पाडेल? थोरला आपोआप सरळ होतो. आजोबांच्या वेळी शेत असंच वाटलं गेलं आणि त्या पिढीत बांधावरून शब्दाला शब्द झाला नाही, असं वडील सांगायचे. एरवी आमचा कृष्णाकाठ कसा आहे ते मी वेगळं सांगायला नको. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जात नाहीत.

आम्ही तिघं भावंडं. थोरला दादा गावातच असतो, शेती बघतो. मधल्याला मी भाऊ म्हणते, तो पुण्यात नोकरीला. आणि शेंडेफळ मी, न्यूझीलंडला, वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला. इथल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. आईचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच रविवारी दादाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळ, इकडं दुपार. मी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. वारा असा सुटला होता की चादर एकीकडे आणि मी दुसरीकडे. फोन बास्केटमधल्या टॉवेलांवर टेकवला आणि समोर उकिडवी बसले.

“तीन वाटे पाडलेत बघ,” दादा म्हणाला. “भाऊ पण आलाय पुण्यासनं. रीतीप्रमाणं पहिला तू उचलायचा. सांगतो, नीट ऐक.”

मी ऐकलंच नाही. वाटे हा शब्द कानावर पडला तेवढाच. आई गेली हे मला वर्षभर माहीत होतं. तिच्या नावानं इथं दिवा लावत होते, रडत होते, सगळं झालं होतं. पण वाटे पाडलेत म्हटल्यावर पहिल्यांदाच वाटलं, की झालं, आता ती खरंच नाही. दादाच्या मागं वहिनी पदराला हात पुसत उभ्या होत्या. भाऊ खुर्चीत बसून चहा पीत होता. मी म्हणाले, “मला काही नको रे दादा. तुम्ही दोघं सुखात राहा, एवढंच.”

दादानं हातातल्या कागदाची घडी घातली. मग मान हलवली आणि म्हणाला, “बरं.”

बरं! एवढंच. मग इथल्या थंडीचं विचारलं, लेकीच्या परीक्षेचं विचारलं आणि फोन ठेवून दिला. मी हातात चिमटे घेऊन तशीच बसून राहिले.

आता जी कुणाची बहीण आहे तिला हे समजावून सांगायची गरज नाही. भावांच्या वाटण्यांत बहिणीचं “मला काही नको” हे नको नसतंच. ती सुरुवात असते. बहिणीनं नको म्हणायचं. भावानं म्हणायचं, असं कसं, तुझं नाही का हे घर? तिनं परत नको म्हणायचं. मग वहिनीनं पुढं येऊन म्हणायचं, वन्सं, असं परक्यासारखं बोलू नका बाई. मग दोन्हीकडं डोळ्यांना पदर लागायचे आणि बहिणीनं म्हणायचं, बरं बाबा, तुमच्या मनात असेल ते द्या. की झालं! मनातलं तेच मिळतं, मान राहतो, आणि मागून घेतलं असं कुणी म्हणत नाही. माझ्या आत्यानं अशीच नको नको म्हणत विहिरीकडची आंब्याची झाडं घेतली होती. दरवर्षी वैशाखात ती पाट्या घेऊन यायची आणि वडील स्वतः झाडावर चढायचे.

कायद्यानं मुलीचा हिस्सा बरोबरीचा आहे, हे मला कळत नाही असं नाही. शिकलेली बाई आहे मी. पण कायदा दाखवून घेतलेल्या घराच्या दारात कुठला भाऊ ओवाळून घेणार?

आणि दादा म्हणाला, बरं.

हे बरं त्याच्या तोंडात कुठून आलं, ते मला चांगलं ठाऊक आहे. इथूनच गेलं ते.

मी इथं नवी आले तेव्हा आग्रहावाचून उपाशी राहिले आहे. उगीच नाही म्हणत, खरोखर उपाशी. कामावर कुणी विचारायचं, चहा घेणार? मी लाजून म्हणायची, नको नको. की ती बाई सरळ आपला एकटीचा कप घेऊन जायची. मी बघतच राहायची. अगं, परत विचार ना! एका सहकारिणीनं घरी जेवायला बोलावलं. कोकराचा भलामोठा भाजलेला तुकडा, बटाटे, भोपळा. मी मांस खात नाही. बटाटे मात्र फक्कड होते. आणखी घेतेस का, म्हणाली. मी आपलं आपल्या वळणानं पोट भरलं म्हटलं, आणि तिनं बटाट्यांचं भांडं उचलून सिंककडं नेलं. घरी येऊन पोह्यांचा डबा उघडला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढं हळूहळू शिकले. पहिल्याच फटक्यात “येस प्लीज” म्हणायला लागले. आणि एकदा सवय लागली तशी त्यातली मोकळीकही आवडायला लागली, कशाला खोटं बोला.

मग दादा आणि वहिनी इथं दोन महिने येऊन राहिले. आई तेव्हा होती, पण तिला विमानाची भीती, ती आली नाही. शेजाऱ्यांनी एका शनिवारी बार्बेक्यूला बोलावलं. दादासाठी मुद्दाम मक्याची कणसं आणि मशरूम वेगळी भाजलेली. शेजारी ताटली घेऊन आला, दादानं छातीला हात लावून हसत हसत नको म्हटलं. शेजारी म्हणाला, “स्वीट ॲज,” म्हणजे इथल्या बोलीत बरं, आणि ताटली घेऊन पुढं गेला. दादाची नजर त्या ताटलीमागं जी काय फिरली! घरी आल्याबरोबर म्हणाला, “वाढ बाई काहीतरी, कावळे ओरडायला लागलेत पोटात.” मी आमटीभात वाढला आणि वाढता वाढता लेक्चरही दिलं. म्हटलं, दादा, इथं एकदाच विचारतात. नको म्हणजे नको. माणूस जे बोलतो ते खरं धरायचं असतं. आपल्यासारखं दहादा विचारत बसायचं म्हणजे समोरच्याला खोटं पाडणं झालं की नाही?

दादा भात कालवायचा थांबला. “हे मात्र पटलं बघ,” म्हणाला. “आपल्याकडं निम्मा जन्म ह्यातच जातो.”

त्याला काही पटलं की तो ते सोडत नाही, हा त्याचा गुण मला लहानपणापासून माहीत आहे. गावी परत गेल्यावर त्यानं पाहुण्यांना आग्रह करायचाच सोडून दिला. वहिनी फोनवर कपाळाला हात लावून सांगायच्या, “वन्सं, काय शिकवून पाठवलंत ह्यांना? माझा मामेभाऊ एका भाकरीवर उठला हो ताटावरनं. परवा व्याही आले, नको म्हणाले, तर ह्यांनी खरंच श्रीखंडाचं पातेलं आत पाठवलं.” मी खो खो हसले होते. नवऱ्याला सांगितलं, लेकीला सांगितलं, कामावर सांगितलं. गुरूची विद्या गुरूला फळते म्हणतात ती अशी.

तर त्या रविवारनंतर मी वाट बघायला लागले. आज नाही तर उद्या दादा परत विचारेल. नाहीतर वहिनी विचारतील. बायकांना कळतं ना. पुढचा रविवार आला. दादानं पावसाचं सांगितलं, उसाचं सांगितलं, म्हैस व्यायली ते सांगितलं. वाटण्यांचं अक्षर नाही. त्याच्या पुढचा रविवार तसाच. मी आपली हूं हूं करत ऐकत होते आणि आतून नुसती धुमसत होते. वहिनींनी एकदा विचारलं, “वन्सं, आवाज बारीक वाटतोय. रागावलाय का कशावर?” मी म्हटलं, “छे! मी कशाला रागावू?” आता ह्या छे चा अर्थ कुठल्या बाईला कळत नाही? पण त्यासुद्धा “मग बरं” म्हणाल्या. दादाच्या संगतीत बिघडल्या, दुसरं काय.

मला काय हवं होतं, ते आता सांगून टाकते. मला शेत नको होतं. सोनं नको होतं, आईचं होतंच कुठं फारसं. मला वस्तीवरचं घर हवं होतं.

आमचं गावातलं घर वेगळं. ते पाडून दादानं त्या जागी बंगला बांधला त्याला बरीच वर्षं झाली. वस्तीवरचं घर म्हणजे गावापासून दूर, शेतात, विहिरीला लागून. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं न्हाणी. सगळीकडून ऊस. वडील गेल्यावर आई हट्टानं तिथं जाऊन राहिली. बंगल्यात माझे पाय गार पडतात, म्हणाली. फरशीला नावं ठेवायला तिला कारणच लागायचं नाही. दादा रोज सकाळ-संध्याकाळ तिच्याकडं जायचा, गडीमाणसं असायचीच आसपास, आणि ती त्या सगळ्यांवर राज्य करायची.

मी दर दोन वर्षांनी डिसेंबरात जायची ती तिथंच. बंगल्यात माझ्यासाठी खोली होती, अटॅच्ड बाथरूमवाली. वहिनींनी कधी कमी केलं नाही, मी तसं म्हणाले तर जीभ झडेल. पण त्या नवी चादर काढायच्या. पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स आणून ठेवायच्या. प्रत्येक गोष्टीला विचारायच्या, वन्सं, हे चालेल ना तुम्हाला? आणि मी गेल्या गेल्या, अजून बॅगेची कुलपं काढली नाहीत तोवर, येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारायचा, किती दिवस आहेस?

आईनं हे कधी विचारलं नाही. वस्तीवर गाडी थांबायची, मी उतरायची, ती माझ्या तोंडावरून हात फिरवायची, आणि बॅग आत जाते न जाते तोवर म्हणायची, “तेवढ्या शेंगा फोड जरा. तुझ्यासाठीच ठेवल्यात न्हाईतर काय.” विमानाचा सगळा प्रवास करून आलेली मी, पाय सुजलेले, डोळे तारवटलेले, पडवीत फतकल मारून शेंगा फोडत बसायची. मला कामाला लावणारं तेवढंच एक घर होतं जगात. तिथं मी पाहुणी नव्हते. उसाची सळसळ दिवसभर चालू असायची, मोटार सुरू झाली की पाटात पाणी पडल्याचा आवाज यायचा, आणि आई आतून ओरडायची, “झाल्या का गं?” त्या आवाजासाठी माझा जीव अजून तुटतो. इथं वेलिंग्टनहून येताना गाडीत खिडकीशी बसले की बाहेर समुद्र दिसत असतो, छान असतो, लोक फोटो काढतात, आणि मी मनातल्या मनात त्या पडवीत बसलेली असते. कुणी विचारलं तर सांगते, दमलेय.

मनात मांडे भाजायला कुणाची परवानगी लागत नाही. मी ठरवून टाकलं होतं. नोकरी संपली की वर्षातले चार महिने वस्तीवर राहायचं. पत्रा बदलायचा, न्हाणीला नवं दार लावायचं. नवऱ्याला मराठी बातम्या आणि झोप एवढंच लागतं, तो कुठंही राहील. हे मी कुणालाच बोलले नव्हते, आईलासुद्धा नाही. बोलायचं काय त्यात? ते होतंच ना तिथं.

नदीकाठची कोव्हायची झाडं फुलांनी पिवळी झाली, घड्याळं तासभर पुढं गेली, आणि एका रविवारी दादा म्हणाला, “ते हक्कसोडीचं काम आता करून घ्यायला पाहिजे. तुझी सही लागंल. वकील म्हणतो, तुला तिकडंच वेलिंग्टनात जाऊन करता येईल.” मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बेसिनमध्ये कुकर असा आपटला की त्याचा दांडा सुटला.

नवरा आला, दांडा उचलला, स्क्रू शोधायला लागला. त्याचं हे असंच. जगात काहीही मोडलं तरी आधी स्क्रू शोधणार. म्हणाला, “तुला ते घर हवंय ना? मग सांग त्याला सरळ.”

“मी कशी सांगू? मागून घेऊ?”

“पण त्यानं विचारलं होतं. तू ऐकूनसुद्धा घेतलं नाहीस, वाटे काय आहेत ते.”

“एकदा विचारलं! एकदा विचारणं म्हणजे विचारणं असतं का?”

लेक टेबलाशी बसून टोस्टला मार्माइट लावत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्लिश. ती म्हणाली, “मम, ही आस्क्ड. यू सेड नो. जस्ट टेल हिम यू वॉन्ट इट.” झालं! इतकं सोपं होतं ते. सोळा वर्षांची पोर, तिला एका वाक्यात समजलं. मी तिच्यावर ओरडले की मार्माइटचं झाकण लावत जा. आणि मग माझ्या लक्षात आलं की ओरडण्यासारखं माझ्याकडं दुसरं काही राहिलं नाही.

पुढच्या रविवारपर्यंत मी वाक्य घोकलं. फार्मसीत औषधं भरताना, डेअरीत दूध घेताना, सगळीकडं. दादा, मला वस्तीचं घर हवंय. एवढंच. त्याला कारण जोडायचं नाही, हसायचं नाही, “तुमची हरकत नसेल तर” म्हणायचं नाही. जे इथं बटाट्याच्या बाबतीत जमलं ते माहेरच्या बाबतीत का जमू नये? रविवारी वाट न बघता मीच फोन लावला. दादा शेतात होता. टोपी मागं सरकवलेली, पाठीमागं नुसतं आभाळ.

“दादा, मला वस्तीचं घर हवंय.”

पडद्यावरचं चित्र हलेना. मला वाटलं, रेंज गेली. मग बघितलं तर तो डोळे मिटून उभा होता.

“आत्ता सांगतीयस?” तो म्हणाला.

“आत्ता म्हणजे?”

“अगं, तो वाटा मी तुझ्यासाठीच पाडला होता. विहीर, वस्तीचं घर आणि त्याच्या खालचा तुकडा. एका वाट्यात मुद्दाम एवढंच धरलं. दुसऱ्यांत जमीन जास्त घातली, म्हणजे कुणी नावं ठेवायला नको. म्हटलं, ती पहिली उचलणार आणि हाच उचलणार. तू तर ऐकून घ्यायच्या आधीच नको म्हणालीस. मग तो वाटा आम्ही दोघांत मोडला. विहिरीचं पाणी निम्मंनिम्मं, आणि घराचा तुकडा भाऊकडं गेला.”

“मग भाऊला मी विचारते. तो देईल. तो नाही म्हणायचा नाही मला.”

“न्हाई म्हणला नसता,” दादा म्हणाला. “पण कारखाना सुरू व्हायला आला. ऊस भरून ट्रॅक्टर बाहेर काढायला त्याला तिथं वळण पाहिजे होतं. गेल्या आठवड्यात जेसीबी लावला त्यानं.”

मला आधी कळलंच नाही. जेसीबी कशाला लावला, असं मी विचारणार होते. मग कळलं.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. ओरडले मात्र. “परत एकदा विचारायला तुझी जीभ झिजत होती का? माझा भाऊ आहेस ना? तुला माहीत नाही मी कशी बोलते? जन्मभर ओळखतोस ना मला?”

दादानं सगळं ऐकून घेतलं. तो कधीच वर आवाज करत नाही, त्याचाच जास्त राग येतो. मग हळू म्हणाला, “तूच सांगितलं होतंस न्हवं? माणूस बोलतो ते खरं धरायचं. दहादा विचारायचं म्हणजे त्याला खोटं पाडायचं. मला वाटलं, तू आता तिकडची झालीस, मनातलं सरळ बोलतीस. नको म्हणालीस म्हणजे नकोच असणार. मला लई लागलं ते. तुझ्या वहिनीला म्हटलं, तिला आता आपलं काही नको. तरी भाऊला मी धरून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत थांब म्हणून, पण हंगामाच्या घाईत त्याला थांबवेना. दर रविवारी वाटायचं, आज म्हणशील.”

दर रविवारी. हा तिकडं वाट बघत होता आणि मी इकडं. मधल्या मधे म्हशीचं आणि पावसाचं बोलत होतो आम्ही. मला त्याचा राग राहिला नाही. नुसतं रडू आलं, आवरेना. मागून लेक आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि पहिल्यांदाच काही सुचवलं नाही तिनं.

“दाखव मला,” मी म्हटलं. “जा तिथं.”

“काय बघणार आहेस तिथं?”

“जा म्हटलं ना.”

तो बांधावरून चालत गेला. फोन हलत होता, ऊस, आभाळ, त्याचा सदरा, परत ऊस. मग तो थांबला आणि फोन विहिरीच्या कठड्यावर उभा करून ठेवला. समोर काळी, सपाट जमीन. चाकांचे वळसे पडलेले. एका कडेला विटांचा थोडा ढीग, बाकी काही नाही. इतकी लहान जागा होती ती? त्यात दोन खोल्या होत्या, पडवी होती, मी आले की आम्ही सगळे जेवायला बसायचो त्यात?

“स्वयंपाकघर कुठं होतं?” मी विचारलं.

“इथं,” म्हणून तो एका जागी उभा राहिला.

“नाही, तिथं नव्हतं. विहिरीतनं कळशी घेऊन आलं की उजव्या हाताला दार होतं. तू डावीकडं उभा आहेस.”

“माझ्या डोळ्यांदेखत बांधलंय घर आणि मला सांगतीयस?”

“बांधलं तुम्ही, पण भांडी मी घासली आहेत तिथली! उजवीकडं सरक.”

तो सरकला. जागा बघितली, विहीर बघितली, डोकं खाजवलं. “बरोबर आहे की,” म्हणाला. मग त्यानं ढिगाजवळची काठी उचलली आणि जमिनीवर ओढत रेघ मारायला लागला. मी न सांगताच. स्वयंपाकघराची भिंत, मग तिला काटकोनात दुसरी. मी इथून सांगत होते, अजून पुढं, अजून, हां, तिथं कोपरा. मधली खोली. आईची खाट खिडकीखाली होती, ती खिडकी. न्हाणी त्यानं भलतीच मोठी काढली, म्हटलं, म्हशी धुणार आहेस का तिथं? तेव्हा तो हसला आणि बाहीनं डोळे पुसले. न्हाणी पुसून लहान केली. पडवीच्या खांबांच्या जागी विटा ठेवल्या. माझ्याकडं संध्याकाळ झाली होती, खोलीत दिवा लावायला हवा होता, पण मला उठवेना.

सगळ्यात शेवटी त्यानं पुढच्या भिंतीची रेघ मारली आणि मधे दाराएवढी जागा मोकळी सोडली. काठी टाकून दिली, हात झटकले आणि माझ्याकडं बघितलं.

“आत जाऊन बस जरा,” मी म्हटलं. “खाटेपाशी.”

दादा पडवी ओलांडून त्या मोकळ्या जागेपाशी आला. उघड्या शेतात, नुसत्या रेघेसमोर थांबला, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि आत गेला.